किती पळाली आणि कशी पळाली

मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेलं, तेव्हा डिझेल ४१ रुपयांना मिळत होतं. लिटरमागे ३२ रुपयांची तफावत आणि वर डिझेलचं अ‍ॅव्हरेजही जास्त. आपलं महिन्याचं रनिंग किती, याचा हिशेब न मांडताच लोक डिझेल गाडी बुक करत आणि डिझेल स्विफ्टसाठी कित्येक महिने थांबत. डिझेल स्वस्त ठेवलं होतं ते शेतीसाठी, एसटीसाठी, मालवाहतुकीसाठी. त्याचा फायदा सोसायटीच्या पार्किंगमधल्या हॅचबॅकनेही उचलला.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव नियंत्रणमुक्त झाले आणि त्या काळातली ती मोठी तफावत इतिहासजमा झाली. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष आले. छोट्या डिझेल इंजिनाला त्या निकषांत बसवायचा खर्च गाडीच्या किमतीला परवडेना. मारुतीने बलेनोचं डिझेल बंद केलं, फोक्सवॅगनने पोलोचं, होंडाने जॅझचं. ह्युंदाईने नव्या आय-२० मध्ये ते चालू ठेवलं, पण २०२३ मध्ये तेही थांबलं. २०२५ मध्ये हॅचबॅकच्या या वर्गात कोरी डिझेल गाडी हवी असेल तर टाटा अल्ट्रोज हा एकच पर्याय उरला होता. म्हणजे चार मीटरच्या आत बसणारी, आतून ऐसपैस, हायवेवर दमदार आणि डिझेलवर चालणारी गाडी ज्याला हवी, त्याला बहुधा हात फिरलेलीच घ्यावी लागते.

इथे सेकंडहँड बाजाराचा नेहमीचा आडाखा फसतो. मीटरवर किलोमीटर कमी तेवढी गाडी चांगली, असं आपण धरून चालतो. डिझेलला हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. मुंबई-कोल्हापूर करत ९० हजार किलोमीटर झालेली गाडी ही शाळा, भाजी आणि ऑफिस करत ३० हजारांवर आलेल्या गाडीपेक्षा धडधाकट असू शकते. असं का होतं हे कळलं, की गाडी पाहताना नक्की काय पाहायचं तेही कळतं.

दीड लिटरची वेस

या सगळ्या गाड्यांची इंजिनं १२०० ते १५०० सीसीच्या आतच का, याचं उत्तर अर्थ मंत्रालयात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं गेलं. छोटी गाडी म्हणजे लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. मग कंपन्यांनी गाड्या या वेशीच्या आत बसवल्या. फोक्सवॅगनचं उदाहरण बोलकं आहे. २०१३ मध्ये आलेल्या पोलो जीटी टीडीआयचं इंजिन १६०० सीसीचं, म्हणजे वेशीबाहेरचं. पुढच्याच वर्षी कंपनीने भारतासाठी म्हणून १४९८ सीसीचं इंजिन काढलं आणि पुण्याजवळ चाकणला त्याची जुळणी सुरू केली. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हाही हीच वेस कायम राहिली: छोट्या डिझेल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि ३ टक्के उपकर. २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गावर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. कोऱ्या गाड्यांचे भाव उतरले की जुन्यांचेही उतरतात, तेव्हा त्याआधीचे भाव सांगणाऱ्या एजंटशी घासाघीस करायला हा मुद्दा हाताशी ठेवावा.

या वर्गातलं सर्वांत गाजलेलं इंजिन फियाटचं. १२४८ सीसीचं हे मल्टीजेट मारुतीच्या स्विफ्ट आणि बलेनोत डीडीआयएस नावाने आलं, टाटाच्या व्हिस्टात क्वाड्राजेट म्हणून आणि फियाटच्या स्वतःच्या पुंटोत मल्टीजेट म्हणून. मारुती ते परवान्यावर मानेसरला बनवी. फियाट आणि टाटांच्या भागीदारीतला कारखाना पुण्याजवळच्या रांजणगावात. इतक्या कंपन्यांच्या बॉनेटखाली हे एकच इंजिन असल्यामुळे त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हटलं गेलं. सेकंडहँड घेणाऱ्यासाठी ही सोयीची गोष्ट आहे. फियाटने भारतात गाड्या विकणं थांबवलं, तरी इंजिनाचे सुटे भाग आणि ते खोलणारे हात तालुक्याच्या गावीही सापडतात. पुंटोच्या दरवाजाचं हँडल किंवा हेडलॅम्प मात्र सहज मिळेलच असं नाही. इंजिन मिळणं आणि गाडी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बाकीच्यांचे स्वभाव थोडक्यात. ह्युंदाई एलिट आय-२० चं १.४ लिटरचं इंजिन ९० पीएस ताकदीचं, शांत आणि सहा गिअरचं. ऑगस्ट २०१४ नंतरच्या गाड्या बाजारात भरपूर आहेत. जॅझचं दीड लिटरचं इंजिन १०० पीएसचं, कागदावर लिटरला २७.३ किलोमीटर देणारं, पण आवाजाने थोडं खडबडीत. बलेनो वजनाला हलकी, म्हणून ७५ पीएसमध्येही भागतं. कागदावरचं अ‍ॅव्हरेज २७.३९. पोलो चालवायला सर्वांत मजबूत वाटते, मात्र मागे बसणाऱ्यांचे गुडघे तक्रार करतात आणि दुरुस्तीचं बिल मारुतीपेक्षा जड येतं. सुरुवातीच्या पोलोत तीन सिलिंडरचं १.२ लिटरचं इंजिन होतं. ते दीड लिटरच्या मानाने थरथरणारं आणि सुस्त. पोलोबाबत आणखी एक तपासणी हवी. उत्सर्जन चाचणीतल्या फसवणुकीच्या प्रकरणानंतर डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन समूहाने भारतात सुमारे सव्वातीन लाख डिझेल गाड्या सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. नोव्हेंबर २०१५ पर्यंतची गाडी असेल तर ते काम झालं की नाही, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत पाहावं.

डिझेल थकतं कुठे

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते. डिझेलमध्ये हवा १६ ते १८ पट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटतं. हा दाब सोसण्यासाठी ब्लॉक, पिस्टन, क्रँक सगळं दणकट बनवावं लागतं. म्हणून इंजिनाचा गाभा लवकर झिजत नाही. नीट ऑइल बदललेलं छोटं डिझेल दोन लाख किलोमीटर सहज पाहतं.

थकतात ती गाभ्याभोवतीची नाजूक अंगं. सर्वांत आधी इंजेक्टर. १९९७ च्या अल्फा रोमिओ १५६ पासून मोटारींमध्ये कॉमन रेल तंत्र आलं. त्यात एका सामाईक नळीत डिझेल प्रचंड दाबाने साठवलेलं असतं आणि संगणक सांगेल त्या क्षणी इंजेक्टर ते केसाएवढ्या छिद्रांतून फवारतो. हा दाब दीड हजार बारच्या घरात जातो, म्हणजे टायरमधल्या दाबाच्या सहाशे-सातशे पट. इतक्या बारीक कामात पाण्याचा थेंब किंवा कचरा गेला की इंजेक्टर खराब होतो. फ्युएल फिल्टर वेळेवर बदलला का, या साध्या प्रश्नाला त्यामुळेच एवढं वजन आहे.

दुसरा टर्बो. त्याचं चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतं आणि त्याचा सगळा भरवसा इंजिन ऑइलच्या पातळ थरावर असतो. ऑइल बदलायला उशीर करणाऱ्या मालकाची शिक्षा टर्बोला होते. तिसरा ईजीआर व्हॉल्व्ह. तो धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडतो, म्हणजे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनची घातक ऑक्साइडं कमी होतात. गाडी सतत थंड इंजिनावर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रांगत राहिली, की याच मार्गात काजळी आणि ऑइलचा चिखल साठतो. पिकअप जातो, काळा धूर येतो. हायवेवर तासभर सलग पळणाऱ्या गाडीत इंजिन पुरतं तापतं, धुराचा वेग वाढतो आणि काजळी साठायला वाव कमी मिळतो. महामार्गावरचे ९० हजार किलोमीटर शहरातल्या ३० हजारांना भारी पडतात ते यामुळे. शिवाय सलग प्रवासात क्लच, ब्रेक आणि गिअर यांचा वापर कितीतरी कमी होतो.

बीएस-६ गाडीत याला चौथं अंग जोडलं गेलं, डीपीएफ. बीएस-४ मध्ये डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम काजळीची मुभा होती. बीएस-६ ने ती साडेचारवर आणली. एवढी काजळी अडवायला धुराच्या मार्गात जाळी बसवावी लागली. जाळी भरत आली की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून तिचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतं आणि साठलेली काजळी जाळून टाकतं. याला चांगल्या वेगात पंधरा-वीस मिनिटं सलग चालणं लागतं. घरापासून चार किलोमीटरवर ऑफिस असलेल्या माणसाची गाडी ही क्रिया सुरू करते आणि अर्ध्यावर सोडते. जाळी चोंदत जाते. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून बीएस-६ डिझेल पाहताना ऑइलची डिपस्टिक बाहेर काढावी. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर गाडी शहरात अडकून पडलेली होती हे तिने स्वतःच सांगितलं.

बहुतेक बीएस-४ हॅचबॅकमध्ये ही जाळी नाही. त्यामुळे २०१५ ते २०१९ मधली बीएस-४ गाडी दुरुस्तीला सोपी. बीएस-६ गाडी स्वच्छ आणि कागदोपत्री जास्त वर्षं टिकणारी, पण चुकीच्या वापराला कमी क्षमा करणारी.

गाडी पाहायला जाताना

सकाळी लवकर जावं आणि इंजिन आधी चालू करून ठेवू नका असं सांगून ठेवावं. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटला हात लावावा. ते कोमट लागलं तर कुणीतरी तुमच्यासाठी गाडी तयार करून ठेवली आहे. डिझेलचे आजार थंड इंजिनात बोलतात, तापलेल्यात लपतात.

चावी फिरवल्यावर स्टार्टरला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धडपडावं लागू नये. लागत असेल तर बॅटरी, ग्लो प्लग किंवा दाब सोडणारे इंजेक्टर, यांपैकी काहीतरी आहे. मग सायलेन्सरकडे पाहावं. क्षणभर हलका धूर चालतो. निळसर धूर सतत येत असेल तर ऑइल जळतंय, म्हणजे टर्बोचं सील किंवा पिस्टनच्या रिंगा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: चोंदलेला ईजीआर, फुटलेला टर्बोचा पाइप, खराब इंजेक्टर. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर न जळलेलं डिझेल किंवा सिलिंडरमध्ये शिरलेलं कूलंट. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून पाहावं. थोडी वाफ ठीक, पण भसाभसा धूर आणि झाकण उडवणारा दाब असेल तर तिथूनच परत फिरावं.

मग ट्रायल. तिसऱ्या गिअरमध्ये १५०० फेऱ्यांपासून पाय दाबावा. दोन हजारांच्या जवळ टर्बोचा जोर एकसंध यायला हवा. शिट्टी हलकी असावी, किंकाळी नको. चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर फेऱ्या वाढतात पण वेग वाढत नाही, असं झालं तर क्लच प्लेट संपली. काही मॉडेलांत क्लचसोबत ड्युअल मास फ्लायव्हील असतं. बंद करताना गाडी जोरात हादरणं, न्यूट्रलमध्ये खडखड होणं आणि क्लच दाबताच ती बदलणं ही त्याची लक्षणं. क्लचसह ते बदलायचं म्हणजे बिल सहज पन्नास हजारांच्या पुढे जातं. डिझेल इंजिन जड असल्याने पुढच्या सस्पेन्शनचे बुश लवकर संपतात; खडबडीत गल्लीत काच खाली करून सावकाश चालवलं की ते ऐकू येतं.

टायमिंग चेन की बेल्ट, हेही विचारावं. मल्टीजेट आणि ह्युंदाईच्या १.४ मध्ये चेन आहे. ती ऑइलकडे दुर्लक्ष झालं तर सैल होते आणि थंड इंजिनात खरखरते. पोलोच्या डिझेलमध्ये बेल्ट आहे. तो बदलल्याचं बिल नसेल, तर तो बदलायचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलावं, कारण चालत्या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

शेवटी ओबीडी स्कॅनर लावायला सांगावा. चांगल्या गॅरेजमध्ये तो असतो. इंजेक्टर करेक्शनचे आकडे, डीपीएफमधली काजळी, साठलेले एरर कोड, हे डोळ्यांना न दिसणारं त्यात दिसतं. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून विझायला हवा. तो पेटलाच नाही तर अपघातानंतर बल्बच काढला असण्याची शक्यता आहे.

मागे फिरवलेलं मीटर

मीटर मागे करणं आता लॅपटॉपवर काही मिनिटांचं काम आहे. त्यामुळे मीटरवरचा आकडा पुरावा धरू नये, जबाब धरावा आणि इतर साक्षी तपासाव्यात. अधिकृत सर्व्हिसची नोंद गाडीच्या नंबरावरून मिळते. प्रत्येक भेटीचे किलोमीटर आणि तारीख तिथे असते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०१६ ची गाडी, मीटर ३५ हजार, आणि चारही टायर २०१९ चे असतील तर पहिले टायर तीन वर्षांत का संपले, हे विचारावं. क्लचच्या पॅडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी, ड्रायव्हर सीटची डावी-उजवी कड हेही बोलतात. नोंदी पूर्ण असलेली ८० हजारांची गाडी ही नोंद नसलेल्या ४० हजारांच्या गाडीपेक्षा जास्त पैसे द्यायच्या लायकीची आहे.

महाराष्ट्रात पुराचं पाणी हा वेगळा मुद्दा. २००५ ची मुंबई, २०१९ चं सांगली-कोल्हापूर, २०२१ चं चिपळूण आणि महाड. अशा प्रत्येक पुरानंतर विमा कंपन्यांनी निकाली काढलेल्या काही गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, तिथे गाळाची रेघ लपवता येत नाही. सीटखालच्या रुळांवर गंज, स्टेपनीच्या खळग्यात माती, डॅशबोर्डखालच्या कनेक्टरांवर हिरवट पापुद्रा ही बाकीची चिन्हं. डिझेलमध्ये याचा धोका जास्त. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना कुणी चावी मारली असेल तर कनेक्टिंग रॉड किंचित वाकतो आणि इंजिन काही हजार किलोमीटर पळून मग दगा देतं.

कागदांची बाजू

आरसीवर नोंदणीची वैधता पाहावी. खासगी गाडीला १५ वर्षं मिळतात, त्यानंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर. २०१३ ची गाडी घेणाऱ्याने २०२८ चा खर्च आजच धरावा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या लागतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, असं कायदा सांगतो. विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्यावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही, तो त्याचा असतो. नंबरावर ई-चलनं थकली आहेत का आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावं.

दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त का दिसतात, याचं कारण सरळ आहे. तिथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. त्यामुळे तिथल्या गाड्या इतर राज्यांत उतरू लागल्या. गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर एमएच पासिंग करावं लागतं, मूळ आरटीओचं ना-हरकत आणि इथला रस्ता कर त्यात आला. महाराष्ट्रात डिझेल गाडीचा करदर पेट्रोलपेक्षा जास्त आहे. हा सगळा खर्च मिळवला की स्वस्ताई बरीचशी विरते.

आपलं रनिंग

आता स्वतःकडे पाहायचं. मुंबई-पुण्याकडे पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये धरू. प्रत्यक्षात पेट्रोल हॅचबॅकने १३ आणि डिझेलने १८ चं अ‍ॅव्हरेज दिलं, तर खर्च किलोमीटरला ८ रुपये आणि ५ रुपये. बचत तीन रुपये. महिन्याला ४०० किलोमीटर फिरणाऱ्याचे वर्षाला १४,४०० रुपये वाचतात; एकदा इंजेक्टर काढावे लागले की त्यातली कित्येक वर्षं धुऊन जातात, आणि एवढ्या कमी रनिंगमध्येच तशी वेळ येण्याचा संभव जास्त. महिन्याला १५०० किलोमीटर करणाऱ्याचे ५४,००० वाचतात, आणि त्याची गाडी आतून स्वच्छही राहते.

म्हणून दर आठवड्याला नाशिक, सोलापूर किंवा गावी जाणाऱ्याने डिझेल जरूर घ्यावी. शांतपणा आणि सुटे भाग हवे असतील तर एलिट आय-२०, कमी खर्च हवा असेल तर बलेनो, चालवण्याची हौस असेल आणि बिल भरायची तयारी असेल तर दीड लिटरची पोलो. ज्याचं फिरणं शहरापुरतं आहे त्याने पेट्रोल घ्यावी, डिझेल कितीही स्वस्तात मिळत असली तरी. आणि कुठलीही घेतली तरी ठरलेल्या किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवावी: पहिल्याच आठवड्यात ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल आणि गरज असेल तर बेल्ट बदलून टाकण्यासाठी. ही रक्कम हाताशी नसेल, तर त्या किमतीची गाडी आपल्या ऐपतीबाहेरची आहे असं समजून एक पायरी खालची गाडी पाहावी.